महिन्याभराच्या गोळ्या

सरकारी कागदावर माझं पदनाम 'औषध निर्माण अधिकारी' असं आहे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एकही औषध निर्माण केलेलं नाही. नाशिकच्या भांडारातून खोकी येतात, ती मोजून कपाटात लावायची, डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेलं खिडकीतून द्यायचं आणि दिलेलं रजिस्टरात चढवायचं, हे माझं काम. दिंडोरी तालुक्यातल्या ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी आहे, तिथं मला कुणी अधिकारी म्हणत नाही. तिथं मी गोळ्यावाली बाई.

मी आणि आई नाशिकला राहतो. सकाळी आईचा चहा, माझा डबा, मग एसटी. बस शहराबाहेर पडली की द्राक्षबागा सुरू होतात आणि मजुरांनी भरलेल्या पिकअप गाड्या आमच्या बसला मागं टाकून पळायला लागतात. मागच्या हौद्यात बायका उभ्या, डोक्याला रुमाल, हातात डब्याच्या पिशव्या. मी केंद्रात पोचून कपाटाचं कुलूप काढीपर्यंत त्यांच्या दोन-दोन ओळी छाटून झालेल्या असतात. हे मी रोज बघत होते. त्याचा माझ्या खिडकीशी काही संबंध असेल असं मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

आमची ती खिडकी कुणी आखली कोण जाणे. ती इतकी लहान आणि इतकी खाली होती की बाहेरच्याला कमरेत वाकावं लागे आणि आत स्टुलावर बसलेल्या मला त्याचा फक्त हात दिसे. त्यामुळे मी माणसांना हातांवरून ओळखायला शिकले होते. नखांच्या कडा मोरचुदानं निळ्या झालेला हात फवारणीवाल्याचा. अंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा घट्टा असलेला हात छाटणीवालीचा. शाळेच्या शाईचे डाग पडलेला हात आईनं पुढं ढकललेला.

छाटणीच्याच दिवसांत एकदा असा घट्टा पडलेला, काळा, भरदार हात आत आला. मी बीपीच्या पाच गोळ्यांची पट्टी कापून त्यावर ठेवली.

"किती दिवसांच्या?" बाहेरून बाईचा आवाज.

"पाच."

"आन् मंग?"

"मग परत यायचं. बीपी तपासायचं, परत पाच न्यायच्या."

हात बाहेर गेला नाही. "बाई, येक सांगा. माझं दुखणं किती दिवसांचं हाय?"

मी केसपेपर पाहिला. "बीपी आहे मावशी. ते आता कायमचंच. पण गोळी रोज घेतली तर काळजीचं काही नाही."

"कायमचं म्हंजे मरस्तवर?"

"हो."

"मरस्तवरच्या दुखण्याला पाच दिवसांच्या गोळ्या का म्हनून?"

मागच्या रांगेत हशा पिकला. मी आतल्या आत चरफडले आणि अशा वेळी आम्ही सगळे जे म्हणतो तेच म्हणाले, "नियम आहे."

"तुमचा नियम पाच दिवसांचा. इथं रांगेत उभं ऱ्हायलं का माझा खाडा पडतो. दर पाच दिवसांनी खाडा पाडला तर टोळीत कोन घेईल मला? ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळच."

पट्टी परत आत सरकली आणि हात गेला. आमचे परिचर मामा औषधांचं खोकं घेऊन आत आले होते, ते म्हणाले, "मॅडम, तिचीच टोळी हाय. सुरगाण्याकडून अकरा बायका घेऊन येती दरसाली. कोन घेईल म्हनती, पन सगळ्यांना घेनारी तीच हाय." मामांना ते फार विनोदी वाटलं. मला नाही वाटलं.

त्या रविवारी मी आईच्या गोळ्यांची डबी भरत होते. आई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. सात कप्प्यांची प्लॅस्टिकची डबी, सोमवार ते रविवार, आणि शेजारी दुकानातून आणलेल्या महिन्याभराच्या पट्ट्या. तिलाही बीपीच. गोळीही तीच, फक्त वेष्टन वेगळं.

"आई, तुला दर पाच दिवसांनी दुकानात जावं लागलं असतं तर?"

"तर मी दुकान बदललं असतं," आई पेपरातून मान वर न काढता म्हणाली.

सोमवारी मी जुनी परिपत्रकांची फाईल काढून बसले. पाच दिवसांचा नियम मला वाचायचा होता. कुणी विचारलं तर क्रमांकासह सांगता येईल, एवढाच हेतू. सगळी फाईल चाळली. तो नियम कुठंच नव्हता. उलट एक पत्र निघालं की बीपी-शुगरच्या रुग्णांना एका वेळी महिन्याभराची औषधं द्यावीत. त्या पत्रावर 'वाचले' असं लिहून खाली सही होती. सही माझी होती.

मग आपण पाच का देतो? उत्तर कपाटात होतं. कपाटात तेवढ्याच असायच्या. आणि तेवढ्याच का? कारण वरून पुरवठा व्हायचा तो मागच्या वर्षीचा खप पाहून. आम्ही पाच-पाच द्यायचो, लोक कंटाळून यायचे थांबायचे, खप कमी दिसायचा, पुढच्या वर्षी आणखी कमी गोळ्या यायच्या, आणि मी त्या आणखी जपून द्यायचे. हे चक्र मी स्वतः, चांगल्या अक्षरात, वर्षानुवर्षं रजिस्टरात लिहून ठेवलं होतं. कुणी चोरी केली नव्हती, कुणी कामचुकारपणा केला नव्हता. तरीही मावशी बिनगोळीची परत गेली होती.

त्याच सुमारास आमच्याकडे दोन नव्या गोष्टी आल्या. एक संगणकाची नवी पद्धत आणि दुसऱ्या नव्या डॉक्टर.

संगणकाची पद्धत अशी की आता प्रत्येक रुग्णाची नोंद ऑनलाइन आणि प्रत्येक गोळीचा हिशोबही ऑनलाइन. नोंदीसाठी रुग्णाच्या मोबाइलवर ओटीपी येणार. रुग्ण इथं रांगेत आणि मोबाइल पोराच्या खिशात, पोरगा ट्रॅक्टरवर. शिवाय आमच्या इमारतीत नेटवर्क फक्त गच्चीच्या जिन्यात, सातव्या पायरीवर. मामा त्या पायरीवर टॅब घेऊन बसायचे आणि वरून ओरडायचे, "आला का ओटीपी?" खालून रांगेतून उत्तर यायचं, "नाय आला!" एक आजोबा तर डॉक्टरांच्या खोलीत जाऊन हात जोडून म्हणाले, "रक्त घ्या, लघवी घ्या, पन ते ओटीपी नका करू. मागल्या टायमाला दोन तास लागले." मी संध्याकाळी रजिस्टरात लिहायचे, मग जिन्यात बसून तेच टॅबमध्ये भरायचे आणि ही सुधारणा काढणाऱ्याला मनातल्या मनात बरंच काही बोलायचे.

डॉक्टर लातूरकडच्या. शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, बंधपत्राचं वर्ष करायला आलेल्या, वयानं माझ्या निम्म्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी बीपीचं रजिस्टर घेतलं आणि माझ्या खोलीत येऊन बसल्या.

"मॅडम, ही नावं बघा. एकदा येतात, दोनदा येतात आणि गायब. जातात कुठं?"

"बागेत," मी म्हणाले.

आणि मग मी त्यांना मावशीचा किस्सा सांगितला. फाईलमधलं पत्रही दाखवलं, खालच्या सहीसकट. मला वाटलं आता बोलणी बसणार. डॉक्टर हसल्या.

"त्या मावशींचा बीपी किती होता?"

मी आकडा सांगितला. त्यांचं हसू गेलं. "गोळी न घेता दीड-दोन महिने? मॅडम, आपण जाऊ या बागेत. दुपारी ओपीडी संपल्यावर. त्या जेवायला बसतात ना तेव्हा."

औषधाच्या खोलीतून उठून रुग्णाकडे जायचं, हे माझ्या कामात कुठंच बसत नव्हतं. पण ती पट्टी परत सरकल्याचा आवाज माझ्या कानात होता. मी पर्स उचलली.

मामांनी चौकशी करून बाग शोधून काढली. तेव्हा मण्यांची विरळणी चालू होती. मांडवाखाली हिरवा, गार उजेड, वर घडांच्या रांगा आणि खाली बारा बायका गोल करून जेवायला बसलेल्या. बागायतदार धावतच आला. सरकारी गाडी पाहून त्याला वेगळीच धास्ती वाटली असावी. "डॉक्टर, काही तक्रार आहे का? मी तर सगळ्यांना हातमोजे दिलेत."

"तक्रार नाही. बीपी तपासायचंय. जेवणाच्या सुट्टीतच आवरू."

"सुट्टीतच ना?" त्यानं दोनदा विचारलं. "द्रावण कालवून ठेवलंय, दुपारून डिपिंग आहे. घड आज बुडवले नाहीत तर वाया जाईल सगळं."

मी त्या गोलातले चेहरे बघत होते. कुणाला ओळखायचं तेच कळेना, मी चेहरे कधी पाहिलेच नव्हते. मग एका बाईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि मी तो हात ओळखला.

"मावशी, मी दवाखान्यातली. गोळ्यांच्या खिडकीतली."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग शेजारणीकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "अगं, ह्या गोळ्यावाल्या बाई! मला वाटत होतं ह्यांना नुसता हातच हाय!"

सगळा मांडव हसला. मी पण. डॉक्टर तर हसताना बीपीच्या यंत्राचा पट्टा सोडवता सोडवता गुंतवून बसल्या. त्या हसण्यानं जे काम केलं ते आम्ही दहा भाषणं देऊनही झालं नसतं. बायकांनी आपणहून बाह्या वर केल्या.

बारा जणींपैकी पाच जणींना बीपी निघालं. त्यातल्या चौघींना ते आधीच माहीत होतं. मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. एक जण गोळी एक दिवसाआड घेत होती, म्हणजे पाच गोळ्या दहा दिवस पुरतात. दोघी जावा एकीच्या नावावरच्या गोळ्या वाटून घेत होत्या, कारण खाडा एकीचाच पडावा. चौथी मावशी. ती गोळी घेतच नव्हती, चक्कर आली की बसून घ्यायची आणि कांदा हुंगायची.

डॉक्टरांनी मावशीचा बीपी पुन्हा एकदा मोजला. मग तिच्या शेजारी मातीतच बसल्या. "मावशी, आज उन्हात उभं राहून काम करायचं नाही."

"मंग काय करायचं?"

"सावलीत बसून काम सांगायचं. तुम्ही मुकादम आहात ना?"

"आतापोहोत कोनी असं सांगितलं नाय बाई," मावशी म्हणाली, आणि तिला ती कल्पना आवडलेली दिसली.

एवढ्यात बागायतदार घड्याळ बघत जवळ आला. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हीही बसा. दोन मिनिटं." तो नको नको म्हणत बसला. त्याचा आकडा सगळ्या टोळीपेक्षा जास्त निघाला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या आणि मावशीनं त्याला दरडावलं, "मालक, तुमी पन सावलीत या." त्या दुपारी डिपिंग अर्धा तास उशिरा सुरू झालं. द्रावण काही वाया गेलं नाही.

त्यानंतर तीन आठवडे दुपारचा डबा मी बागेतच खाल्ला. कधी डॉक्टर बरोबर, कधी गावची आशा ताई. मी एक वही केली. नाव, कुठल्या टोळीतली, कुठलं गाव, गोळी कोणती, आणि शेवटचा रकाना 'का सोडली'. त्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे एकच शब्द होता, खाडा. एका बाईनं मात्र सांगितलं की गोळीनं बरं वाटतं म्हणून सोडली, बरं वाटल्यावर कशाला घ्यायची. तिला समजावताना माझ्या लक्षात आलं की खिडकीतून मी गेली कित्येक वर्षं 'सकाळी एक' याच्यापलीकडे कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

टोळ्यांना सुट्टी कधी असते हेही तिथंच कळलं. रविवारी नाही. गावच्या आठवडे बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी दुपारनंतर काम बंद, सगळे बाजारात. आणि आमची ओपीडी बाजाराच्या दिवशीही इतर दिवसांसारखीच दुपारी बंद होत होती. बायका मीठ-मिरची घेऊन आमच्या कुलूप लावलेल्या दारावरून परत जायच्या.

डॉक्टरांनी तालुक्याला पत्र लिहिलं की बाजाराच्या दिवशी आम्ही सकाळच्या ऐवजी दुपारी बसू, संध्याकाळी सहापर्यंत. सकाळी तातडीचे रुग्ण बघायला सिस्टर आहेतच. उत्तर यायला वेळ लागला, पण आलं, 'प्रायोगिक तत्त्वावर' असं. डॉक्टरांनी ते पत्र दारावर चिकटवलं. राहिल्या गोळ्या.

वही पिशवीत घालून मी नाशिकला भांडारात गेले. तिथले प्रमुख निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर, आवाज असा की खोकीसुद्धा सरळ उभी राहावीत. त्यांनी माझं मागणीपत्र वाचलं.

"मागच्या वर्षीचा तुमचा खप हा एवढा. आणि आता तिप्पट मागता? गावात साथ आली का बीपीची?"

"साहेब, मागच्या वर्षी आम्ही दिल्याच नाहीत. म्हणून खप नाही."

"म्हणजे?"

मी वही त्यांच्यापुढं ठेवली. ते पान उलटत गेले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. 'का सोडली' या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं आणि खाली खाली सरकत गेलं.

"हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"हो."

"बागेत जाऊन?"

"हो, साहेब."

त्यांनी चहा मागवला. मग म्हणाले, "बाई, नवी मागणी मी वर पाठवतो, या वहीच्या झेरॉक्ससकट. पण ते यायला दोन महिने. तोवर काय? माझ्याकडं आत्ता फार नाहीत." ते संगणकाकडं वळले. "तुम्ही ते नवीन सॉफ्टवेअर वापरता ना?"

"वापरते," मी म्हणाले. कुठल्या पायरीवर बसून ते सांगितलं नाही.

"मग बघत का नाही? त्यात आता सगळ्या केंद्रांचा साठा दिसतो." त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. घोटीकडच्या एका केंद्रात आमच्याच गोळीचे दोन मोठी खोकी पडून होती. मुदत आठ महिन्यांची उरलेली. "तिथले तुमचे फार्मासिस्ट बंधू मला रोज फोन करतात. एवढ्या गोळ्या माझ्याकडं चुकून जास्त आल्या, मुदत संपली तर जबाब मला द्यावा लागेल म्हणून. त्यांची झोप उडालीय आणि तुमच्याकडं गोळ्या नाहीत. घ्या, साठा बदलीचं पत्र देतो."

ज्या टॅबला मी तीन महिने शिव्या घातल्या, त्यानंच माझ्या गोळ्या शोधून दिल्या, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आज इथं सांगते.

गाडी मिळायची वाट बघितली असती तर आणखी आठवडा गेला असता. मी एसटीनंच घोटीला गेले. तिथल्या फार्मासिस्टनं मला पाहून एवढा आनंद व्यक्त केला की मला क्षणभर वाटलं, मी त्याच्या घरी पाहुणी म्हणूनच आले. त्यानं स्वतः दोन्ही खोकी बसपर्यंत आणली आणि वर घोटीच्या तांदळाची छोटी पिशवी माझ्या हातात ठेवायला लागला. तांदूळ नको म्हणून सांगताना माझी बस सुटायची वेळ आली. कंडक्टर खोक्यांकडे बघून म्हणाला, "मॅडम, लगेज. आहे काय आत?"

"बीपीच्या गोळ्या. सरकारी."

"एवढ्या?" तो पुढं गेला, तिकिटं देऊन परत आला आणि माझ्याशेजारी टेकून त्यानं हळूच विचारलं, "घाम येतो आणि मान दुखते, ते बीपीच असतं का हो?" नाशिक येईपर्यंत मी त्याला जवळचं सरकारी केंद्र कुठलं, कधी उघडं असतं आणि तिथं तपासणीला काय काय विचारायचं, ते सांगत होते. उतरताना खोकी त्यानंच खाली घेतली.

बाजाराच्या दिवसाची पहिली ओपीडी. आम्ही खिडकी बंद ठेवली आणि माझं टेबल बाहेर व्हरांड्यात मांडलं. दुपारी दोनला चिटपाखरू नव्हतं. अडीचला दोन म्हातारे आले. डॉक्टर दारात उभ्या, मी टेबलाशी, मामा सातव्या पायरीवर. "येतील," मामा वरून म्हणाले, पण त्यांचा आवाजही खालच्या पट्टीतला होता.

तीनच्या सुमाराला मावशी आली. मागं सगळी टोळी, प्रत्येकीच्या डोक्यावर बाजाराची पिशवी. त्यांच्यामागं दुसरी टोळी. चारपर्यंत व्हरांडा भरला, मेथीच्या जुड्या आणि सुक्या बोंबलाचा वास आमच्या फिनाइलच्या वासात मिसळला. मावशीचा नंबर आला. मी तीन पट्ट्या तिच्या हातावर ठेवल्या.

"ह्या किती?"

"तीस. महिन्याच्या. पुढच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी परत या, बीपी बघू."

मावशीनं पट्ट्या उलटसुलट पाहिल्या. "सगळ्या माझ्या?"

"सगळ्या तुमच्या. कुणाला द्यायच्या नाहीत. त्या दोघी जावांनाही वेगळ्या दिल्यात."

पिशवीतून तिनं स्टीलची छोटी डबी काढली, त्यातली तंबाखू मेथीच्या कागदात रिकामी केली, डबी पदरानं पुसली आणि पट्ट्या दुमडून त्यात बसवल्या. झाकण घट्ट लावलं. मग तंबाखूचा कागद डॉक्टरांच्या नजरेला पडल्यावर तिनं तोही गुपचूप मामांच्या हातात दिला. "टाका वं हे." मामांनी टाकला की नाही, मी पाहिलं नाही.

महिन्यानं तिचा बीपी खाली आला होता. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी. तिच्या टोळीत तर एकीचीही गोळी चुकत नव्हती. डॉक्टरांनी कारण विचारलं, तेव्हा त्या दोघींतल्या धाकट्या जावेनं सांगितलं, "सकाळी पिकअपमधी चढायच्या आधी मावशी सगळ्यांना तोंड उघडायला लावती. गोळी गिळल्याबिगर गाडीत घेत नाय." आमच्याकडं यासाठी तक्ते होते, बैठका होत्या, रंगीत खुणा करायचं कार्ड होतं. मावशीकडं पिकअप होती.

सगळंच सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. शुगरच्या गोळ्या मध्ये पंधरा दिवस संपल्या आणि मला पुन्हा सात-सात दिवसांच्या द्याव्या लागल्या. मी प्रत्येकाला तसं समोर बसवून सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे लोक रागावले नाहीत, परत आले. लॅबमधली जागा अजून रिकामीच आहे. बंधपत्राचं वर्ष संपलं आणि डॉक्टर पुढं शिकायला गेल्या. निरोपाच्या दिवशी बागायतदारानं बेदाण्यांची पेटी आणली. त्या भेट घेत नाहीत म्हटल्यावर त्यानं ती व्हरांड्यात उघडून ठेवली आणि ओपीडीतल्या सगळ्यांनी मिळून संपवली. डॉक्टर जिन्यात जाऊन डोळे पुसून आल्या. नव्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाजाराच्या दिवशी सहापर्यंत का बसायचं?" मी त्यांना व्हरांड्यात नेऊन उभं केलं. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. 'प्रायोगिक' शब्द अजून कुणी खोडलेला नाही, पण तालुक्यातल्या आणखी दोन केंद्रांनी आमच्याकडून त्या पत्राची नक्कल नेली आहे.

डॉक्टर अजून होत्या तेव्हाची गोष्ट. काढणी संपली, शिमग्याच्या आधी मावशी गावी जायला निघाली. मी तिच्या गावच्या केंद्रातल्या फार्मासिस्टला फोन केला, तिच्या कार्डावर त्याचं नाव लिहिलं, दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. टॅबमध्ये तिची नोंद होतीच. तिकडं तिनं कार्डावरचा नंबर सांगितला आणि तिचे इथले आकडे तिथल्या पडद्यावर उमटले, हे तिनंच नंतर सांगितलं. "माझं बीपी माझ्या आधी गावी पोचलं," असं म्हणाली.

दिवाळीच्या आसपास पुन्हा छाटणी सुरू झाली आणि मावशी परत आली. यंदा चौदा बायका. बाजाराच्या दिवशी तिनं माझ्या टेबलावर कापडी पुरचुंडी ठेवली. नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ, तिच्या उतारावरच्या शेतातलं. आईलाही बीपी आहे हे मी बागेत डबा खाताना बोलले होते. मी भेट घेता येत नाही म्हणायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "तुमच्या आईला हाय ते. तुमाला कोन देतंय?"

आईनं पीठ बघून डोळे मिटून वास घेतला. लहानपणी कधीतरी ह्याची भाकरी खाल्ली होती म्हणाली. आम्ही दोघींनी त्या संध्याकाळी भाकरी थापायला घेतली. पहिली परातीतच फुटली. दुसरी तव्यावर जाताना तीन तुकडे झाली. तिसरी आईनं शिक्षिकेच्या निग्रहानं थापली, तीही कडेनं नकाशासारखी फाटली. शेवटी आम्ही तुकडेच तूप घालून खाल्ले आणि आई म्हणाली, "तुझ्या त्या मावशीला विचारून ये."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी विचारलं. मावशीनं कपाळावर हात मारला.

"गार पान्यात मळलं का?"

"हो."

"अगं बाई! उकड काढायची पहिली. पानी खळखळ उकळलं का त्यात पीठ टाकायचं, झाकायचं, मंग गरम गरम मळायचं." तिनं हवेतच पीठ मळून, हवेतच भाकरी थापून दाखवली. मागची बाई म्हणाली, मिठाचा खडा पाण्यातच टाकायचा. तिच्या मागची म्हणाली, छे, मीठ नकोच. रांगेत दोन तट पडले. जिन्यातून मामांनी विचारलं, काय गडबड आहे, तर चार जणींनी एकदम उत्तर दिलं. मी हसत हसत मावशीचं कार्ड भरलं, तीस गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या आणि पुढच्या बाईला म्हणाले, "तुम्ही सांगा, मीठ घालायचं की नाही? आणि बाही वर करा."